‘इन अ लोनली प्लेस’ची ब्लू-रे : निकोलस रे याच्या घरापर्यंत नेणारी तबकडी

हम्फ्री बोगार्ट या अमेरिकी नटाच्या चाहत्यांनी ‘इन अ लोनली प्लेस’ या 1950 सालच्या चित्रपटाची क्रायटेरियन या अमेरिकी चित्रपट-प्रकाशकाने 2016 मध्ये काढलेली ब्लू-रे केव्हाच घेतली असेल, आणि त्यांना ती घ्या असे सांगण्याची गरजही नाही. हे परीक्षण लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. निकोलस रे या दिग्दर्शकाविषयी आपल्याकडे जे थोडेफार बोलले जाते ते ‘रिबेल विदाउट अ कॉज’ आणि त्यातील जेम्स डीनचे लाल जाकीट यांच्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. त्या नावातला ‘रिबेल’ हा शब्द मग दिग्दर्शकालाही चिकटतो आणि बंडखोर कलावंताची एक सोपी तसबीर तयार होते. 94 मिनिटांचा हा कृष्णधवल चित्रपट आणि त्याच्याबरोबर याच डिस्कवर दिलेला 1975 सालचा माहितीपट लागोपाठ पाहिल्यावर माझ्या मनातली ती तसबीर तरी भिंतीवर राहिली नाही. या माणसाचे बंड जेवढे स्टुडिओंविरुद्ध होते तेवढेच ते त्याच्या स्वतःच्या घरातही चालू होते, आणि त्याने आपला सर्वांत चांगला चित्रपट त्या घरातच उभा केला, असे आता माझे मत झाले आहे.

आपल्याकडे नुसते ‘रे’ म्हटले की सत्यजित राय यांच्याखेरीज दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नाही, त्यामुळे या दुसऱ्या रे याचा परिचय थोडा विस्ताराने द्यावा लागेल; शिवाय डिस्कवर त्याच्या पूर्वायुष्याची माहिती तुकड्यातुकड्यांनी येते, सलग कुठेच मिळत नाही. त्याचे मूळ नाव रेमंड निकोलस कीन्झल. विस्कॉन्सिन राज्यातील गेल्सव्हिल येथे 7 ऑगस्ट 1911 रोजी त्याचा जन्म झाला आणि लहानपण मिसिसिपी नदीकाठच्या ला क्रॉस या गावी गेले. वडील इमारतींचे कंत्राटदार होते, दारूच्या आहारी गेलेले होते, आणि मुलगा शाळकरी वयाचा असतानाच ते वारले. पुढे या मुलाने आडनाव टाकून दिले, उरलेल्या दोन नावांची अदलाबदल केली आणि तो निकोलस रे झाला. शिकागो विद्यापीठात थोडा काळ काढून तो फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाच्या टॅलिएसिन येथील गुरुकुलवजा शिक्षणकेंद्रात दाखल झाला. तिथेही त्याचे फार दिवस पटले नाही, मात्र आडव्या रेषेची ओढ आपल्याला राइटकडून मिळाली असे तो पुढे सांगत असे, आणि त्याच्या सिनेमास्कोप (म्हणजे खूप रुंद पडद्यासाठीच्या) चित्रपटांतील जिने, छपरे आणि आडवी पसरलेली माणसे पाहताना ते पटते. 1930 च्या दशकात तो न्यूयॉर्कमधील डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थांमध्ये वावरला. तिथे पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेल्या एलिया कझानशी त्याची मैत्री झाली, आणि त्याच काळात तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्यही होता. ॲलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या संग्राहकाबरोबर त्याने दक्षिणेकडील राज्यांत भटकंती केली आणि 1940 साली दोघांनी मिळून सीबीएस रेडिओसाठी लोकगीतांचा एक कार्यक्रम केला, ज्यात वुडी गथ्री आणि लेडबेली गात असत. चित्रपटाच्या धंद्यात तो शिरला तेव्हा तिशी उलटून गेली होती. कझानच्या पहिल्या चित्रपटावर साहाय्यक म्हणून काम केल्यानंतर जॉन हाउसमन या निर्मात्याने त्याला आरकेओ स्टुडिओत स्वतःचा चित्रपट मिळवून दिला. तो ‘दे लिव्ह बाय नाइट’. 1947 मध्ये त्याचे चित्रीकरण झाले, पण मधल्या काळात हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य उद्योगपतीने स्टुडिओच विकत घेतल्यामुळे अमेरिकेतील प्रेक्षकांना तो 1949 च्या अखेरीपर्यंत दिसला नाही. पळणाऱ्या मोटारीमागे हेलिकॉप्टरमधून धावणारा कॅमेरा त्याच्या सुरुवातीलाच आहे, आणि पहिल्याच चित्रपटाच्या पहिल्याच दिवसांत असे धाडस करू देणाऱ्या हाउसमनचेही कौतुक वाटते.

‘इन अ लोनली प्लेस’ हा त्यानंतर लवकरच आलेला चित्रपट. तो बोगार्टच्या स्वतःच्या सांताना या कंपनीचा (त्याच्या शिडाच्या बोटीचे नाव तेच होते), आणि वितरण कोलंबियाचे. डिक्सन ऊर्फ डिक्स स्टील हा हॉलिवूडचा एक पटकथाकार आहे. युद्धानंतर त्याचा एकही चित्रपट चाललेला नाही, आणि कोणत्या क्षणी तो समोरच्यावर हात उगारील याचा नेम नाही. एक रद्दड कादंबरी पडद्यासाठी लिहायचे काम त्याच्याकडे येते. ती वाचण्याचा कंटाळा म्हणून तो रेस्तराँमध्ये पाहुण्यांच्या हॅट सांभाळणाऱ्या मिल्ड्रेड नावाच्या मुलीला, जिने ती नुकतीच वाचली आहे, गोष्ट सांगायला घरी बोलावतो. गोष्ट सांगून मुलगी निघून जाते आणि पहाटे तिचा खून झालेला आढळतो. समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली लॉरेल ग्रे ही नटी पोलिसांसमोर त्याच्या बाजूने साक्ष देते आणि दोघांचे प्रेम जमते. मूळ डोरोथी बी. ह्यूज यांच्या 1947 सालच्या कादंबरीत डिक्स हा खरोखरच एकामागून एक स्त्रियांचे खून करणारा माणूस आहे. रे आणि त्याचे पटकथाकार, एडमंड नॉर्थ आणि अँड्र्यू सोल्ट, यांनी तो धागा सोडून दिला आणि खून कोणी केला या प्रश्नाच्या जागी या माणसाच्या हातून खून होऊ शकतो का, हा अधिक अवघड प्रश्न ठेवला. पोलिसांना उत्तर मिळते तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग उरलेला नसतो.

चित्रपट निम्म्यावर आला की त्याची नजर बदलते, आणि ही गोष्ट मला पहिल्या वेळी पाहताना कळलीही नव्हती. सुरुवातीला आपण डिक्सबरोबर असतो. पहिल्याच दृश्यात मोटारीच्या आरशात त्याचे फक्त डोळे दिसतात, आणि तो काय पाहतो ते आपण पाहतो. मित्र असलेल्या पोलिसाच्या घरी जेवायला गेला असता तो त्या मित्राला आणि त्याच्या बायकोला खुर्च्यांवर बसवून खून कसा झाला असेल ते करून दाखवायला लावतो, आणि बोलता बोलता त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाची एक पट्टी येते. पटकथाकार म्हणून तो रंगात आला आहे की आणखी काही आहे, हे त्या बिचाऱ्या बायकोला कळत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीनंतर तो रागाने मोटार पिटाळतो, दुसऱ्या गाडीला धडकतो, तिच्या तरुण चालकाला मारत सुटतो आणि हातात दगड उचलतो. त्या क्षणापासून आपण लॉरेलच्या बाजूला येऊन बसतो, आणि उरलेला सगळा चित्रपट तिच्या भीतीचा आहे. या भीतीचे सर्वांत नाजूक दृश्य स्वयंपाकघरातले आहे. ग्रेपफ्रूट कापायची सुरी मुद्दामच वाकडी बनवलेली असते. हे डिक्सला माहीत नाही. सकाळी लॉरेलसाठी नाश्ता करताना त्या वाकड्या सुरीला तो दोन्ही हातांनी सरळ करतो आणि पटकथेतील प्रेमप्रसंग कसा लिहावा यावर प्रेमळपणे बोलत राहतो. लॉरेल रात्रभर झोपलेली नाही, आणि तिचे लक्ष त्याच्या हातांकडे आहे. संवादात धमकी कुठेही नाही. हे दृश्य लिहिणाऱ्याने आणि घेणाऱ्याने असे एखादे घर आतून पाहिलेले असणार, असे वाटून जाते.

आणि ते पाहिलेले होतेच. लॉरेलची भूमिका करणारी ग्लोरिया ग्रॅहॅम ही त्या वेळी रे याची पत्नी होती. 1948 मध्ये त्यांचे लग्न झाले होते आणि चित्रीकरणाच्या काळात ते मोडायला आले होते. ही गोष्ट निर्मात्यांना कळली तर दोघांपैकी एकाला काढून टाकतील या भीतीने त्यांनी ती लपवून ठेवली, आणि रे रात्री सेटवरच झोपू लागला. ही भूमिका बोगार्टला आपल्या पत्नीकडे, लॉरेन बकॉलकडे, द्यायची होती. वॉर्नर ब्रदर्सने तिला सोडले नाही आणि ग्रॅहॅमचा मार्ग मोकळा झाला. तिच्याकडून लिहून घेतलेल्या करारात सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळात, रविवार सोडून रोज, तिने आपल्या नवऱ्याचे सल्ले, सूचना आणि हुकूम ऐकावेत अशा अर्थाचे कलम होते. आज वाचताना हसू येते आणि लगेच मावळते. डिक्स आणि लॉरेल ज्या चौकाभोवतीच्या घरांत राहतात ती जागासुद्धा रे याच्या आठवणीतली आहे. हॉलिवूडमध्ये आल्यावर तो वेस्ट हॉलिवूडच्या व्हिला प्रिमाव्हेरा या स्पॅनिश धाटणीच्या वास्तूत राहिला होता, आणि त्याच नमुन्यावर हा सेट बांधण्यात आला. मध्ये कारंजे, सभोवती जिने आणि समोरासमोर खिडक्या असलेला तो चौक आपल्या वाड्याच्या चौकासारखा वाटतो, पण वाड्यात शेजारी एकमेकांच्या हाकेला ओ देतात आणि इथे ते पडद्याआडून फक्त पाहतात.

शेवट सांगितल्याशिवाय या चित्रपटाविषयी खरे काही बोलता येत नाही, म्हणून ज्यांना तो कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मूळ पटकथेत डिक्स लॉरेलचा गळा दाबून तिला ठार मारतो, आणि मग पोलीस येतात. रे याने तो शेवट चित्रित केला, त्याला तो पटला नाही, आणि सेटवरची अनावश्यक माणसे बाहेर काढून त्याने बोगार्ट व ग्रॅहॅम यांच्याबरोबर नवा शेवट जागच्या जागी रचला. आता डिक्सचे हात लॉरेलच्या गळ्यापर्यंत पोहोचतात, टेलिफोन वाजतो, आणि तो निर्दोष असल्याचे पोलीस कळवतात. काही दिवस आधी त्याने आपल्या पटकथेसाठी सुचलेल्या तीन ओळी तिला ऐकवल्या होत्या, तिच्या चुंबनाने जन्मलो, ती गेली तेव्हा मेलो, आणि तिने प्रेम केले तेवढे काही आठवडे जगलो, अशा आशयाच्या. त्यांतलीच ओळ आता लॉरेल दाराशी उभी राहून पुटपुटते. हा शेवट गुन्हेपटाच्या हिशेबात बसत नाही. बंडखोरी हा शब्द वापरायचाच असेल तर मी तो इथे वापरीन, कारण लिहून मंजूर झालेला, प्रेक्षकाला समजायला सोपा आणि सेन्सॉरलाही चालणारा शेवट बाजूला सारून रे याने खुनापेक्षा वाईट वाटणारी गोष्ट ठेवली, ती म्हणजे दोघेही जिवंत राहतात.

आता वस्तू म्हणून या डिस्कविषयी. चित्रपटाचे 2के डिजिटल पुनरुज्जीवन उत्तम आहे. बर्नेट गफी याच्या छायालेखनातील काळ्या रंगाच्या छटा पूर्वीच्या डीव्हीडीत एकमेकींत मिसळून जात असत, त्या इथे वेगळ्या दिसतात. रात्रीच्या मोटारप्रवासात बोगार्टच्या चेहऱ्याची प्रकाशातली बाजू आणि अंधारातली बाजू यांच्या मधला भाग डोळ्यांना दिसतो, आणि अभिनय बराचसा त्याच भागात आहे. फिल्मचा दाणा पुसून चेहरे मेणासारखे गुळगुळीत करण्याचा मोह आवरला आहे, याबद्दल आभार मानायला हवेत. चित्र मूळच्या जवळजवळ चौकोनी मापातच आहे, त्यामुळे आजच्या रुंद दूरचित्रवाणी संचावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि त्या ‘भरून’ काढण्याचे बटण कृपया कोणी दाबू नये. आवाज एकाच वाहिनीचा, मूळसारखा, स्वच्छ आहे. पियानोच्या बारमध्ये हॅडा ब्रूक्स गाते ते दृश्य चांगल्या स्पीकरवर मुद्दाम ऐकण्यासारखे आहे. उपशीर्षके फक्त इंग्रजीत आहेत. बोगार्टचे भरभर, ओठांतल्या ओठांत बोलणे ध्यानात घेता ती लावूनच पाहावे, असा माझा सल्ला आहे.

पुरवणी साहित्यातील डेना पोलन या अभ्यासकाचे भाष्य माहितीने भरलेले आहे, पण ते वर्गातल्या व्याख्यानासारखे एका संथ लयीत चालते, आणि ग्रेपफ्रूटच्या दृश्यात तरी त्यांनी थोडे गप्प बसायला हवे होते असे मला वाटले. ग्लोरिया ग्रॅहॅमचे चरित्रकार व्हिन्सेंट कुर्सिओ यांची मुलाखत मात्र आवश्यक आहे, कारण ती नसती तर संपूर्ण डिस्कवर ग्रॅहॅम ही केवळ रे याची बायको म्हणून उरली असती. कर्टिस हॅन्सन या दिग्दर्शकाचे 2002 सालचे छोटे निवेदन मनापासून केलेले आहे, एवढेच त्याविषयी. मूळ कादंबरीवरून 1948 मध्ये झालेली रेडिओ नाटिका गंमत म्हणून एकदा ऐकावी. त्यात रॉबर्ट मॉन्टगोमेरीचा डिक्स हा कादंबरीला अधिक जवळचा आहे, आणि चित्रपटाने काय नाकारले याचा अंदाज त्यावरून येतो. सोबत छापलेला इमोजेन सारा स्मिथ यांचा निबंध आधी वाचू नये, चित्रपटानंतर वाचावा.

माझ्या मते या डिस्कची खरी किंमत वसूल होते ती ‘आय ॲम अ स्ट्रेंजर हिअर मायसेल्फ’ या डेव्हिड हेल्पर्न यांनी केलेल्या माहितीपटाने. हे शीर्षक रे याच्याच ‘जॉनी गिटार’ या 1954 सालच्या चित्रपटातील एका संवादातून घेतलेले आहे. माहितीपटात दिसणारा रे साठीला टेकलेला आहे, केस पांढरे आहेत, एका डोळ्यावर काळी पट्टी आहे आणि भोवती विद्यार्थ्यांचा घोळका आहे. तो न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथील हार्पर कॉलेजात 1971 पासून दोन वर्षे शिकवत होता. शिकवत होता म्हणजे वर्गात फळ्यापुढे उभा राहत नव्हता; चित्रपट करायला शिकायचे तर चित्रपट करावा लागतो, असे म्हणून त्याने सगळ्या वर्गालाच एका चित्रपटाच्या कामाला जुंपले होते. विद्यार्थीच कलाकार, तेच कॅमेऱ्यामागे, आणि तो स्वतःही त्यात एक पात्र. अनेक आकारांच्या फिल्मवरची चित्रे एकाच वेळी एका पडद्यावर शेजारी शेजारी टाकून ती पुन्हा चित्रित करायची, अशी त्या ‘वी कान्ट गो होम अगेन’ची रचना होती. 1973 मध्ये तो अपुऱ्या अवस्थेत कान महोत्सवात दाखवला गेला, आणि रे त्यानंतरही मरेपर्यंत त्याचे संकलन करत राहिला. त्याची पत्नी सुसान रे हिने पुढाकार घेऊन केलेली त्याची पुनरुज्जीवित प्रत 2011 मध्ये व्हेनिसला दाखवली गेली.

या माहितीपटात रे चिडतो, विद्यार्थ्यांना टोचून बोलतो, मध्येच अतिशय मृदू होतो, आणि एखाद्या मुलीकडून किंवा मुलाकडून हवी ती भावना निघेपर्यंत त्यांना सोडत नाही. डिक्स स्टीलला पाहून नुकतेच उठलेल्या प्रेक्षकाला हे सर्व ओळखीचे वाटते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो, हाउसमन आणि ‘रिबेल’ची नायिका नॅटली वुड यांच्या मुलाखती त्यात आहेत. त्रुफोच्या बोलण्यातून फ्रान्समधील तरुण समीक्षकांनी रे याला किती वर नेऊन ठेवले होते हे कळते. त्यांच्यातल्याच, पुढे दिग्दर्शक झालेल्या गोदारने तर 1958 मध्ये रे याच्या ‘बिटर व्हिक्टरी’वर लिहिताना सिनेमा म्हणजेच निकोलस रे, असे लिहून टाकले होते. ज्याला एका देशात सिनेमाचे दुसरे नाव मानले जाते त्याला स्वतःच्या देशात काम मिळत नाही, हा विरोधाभास माहितीपट फार न बोलता दाखवतो.

तो इथवर कसा आला, याची साखळी मात्र प्रेक्षकाला स्वतः जुळवावी लागते. ‘जॉनी गिटार’मध्ये त्याने काउबॉयपटाच्या ठरलेल्या भूमिकांची अदलाबदल केली, आणि बंदुका हाती घेतलेल्या दोन स्त्रिया, जोन क्रॉफर्ड व मर्सिडिस मॅकेंब्रिज, समोरासमोर आणल्या. 1955 मध्ये ‘रिबेल’ आला तेव्हा वॉर्नरने तो कृष्णधवल म्हणून सुरू केला आणि काही दिवसांच्या चित्रीकरणानंतर रंगीत केला. त्यातल्या जिमच्या, म्हणजे डीनने केलेल्या नायकाच्या, घराचा सेटही रे याच्या शातो मार्मों हॉटेलातील स्वतःच्या बंगल्याच्या दिवाणखान्यावर बेतलेला होता, कारण तालमी तिथेच होत असत. घर उचलून सेटवर नेण्याची ही सवय म्हणजे पाच वर्षांपूर्वीच्या व्हिला प्रिमाव्हेराचीच पुढची पायरी होय. जेम्स डीन 30 सप्टेंबर 1955 रोजी मोटार अपघातात गेला, आणि चित्रपट त्यानंतर महिनाभरात प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षीच्या ‘बिगर दॅन लाइफ’मध्ये कॉर्टिझोनच्या गोळ्या वाजवीपेक्षा जास्त घेऊन घरच्यांचा छळ करणारा शाळामास्तर जेम्स मेसनने केला आहे, आणि ‘इन अ लोनली प्लेस’ आवडलेल्या माणसाने रे याचा दुसरा कोणता चित्रपट पाहावा असे विचारले तर मी डीनचा सोडून हा सांगेन. त्यानंतर उतरण लागते. ‘विंड अक्रॉस द एव्हरग्लेड्स’वरून त्याला काढून टाकण्यात आले. सॅम्युएल ब्रॉन्स्टनसाठी स्पेनमध्ये त्याने येशूच्या जीवनावरचा ‘किंग ऑफ किंग्ज’ (1961) केला, आणि लगेच हाती घेतलेल्या ‘55 डेज ॲट पेकिंग’च्या सेटवर 1962 मध्ये तो कोसळला. तो चित्रपट इतरांनी पूर्ण केला आणि हॉलिवूडने त्याला पुन्हा कधी चित्रपट दिला नाही. दारू होती, जुगार होता, निर्मात्यांशी भांडणे होती. ही सगळी कारणे खरी आहेत आणि त्यांतले कुठले पहिले, कुठले नंतरचे, हे सांगणे अवघड आहे.

राजकारणाचा प्रश्न डिस्कने थोडक्यात उरकला आहे, आणि तो माझा पहिला आक्षेप आहे. 1950 च्या सुमारास हॉलिवूडमध्ये डाव्या विचारांच्या लोकांची नावे काळ्या यादीत, म्हणजे काम द्यायचे नाही अशांच्या यादीत, जात होती. या चित्रपटात डिक्सच्या एजंटाची भूमिका करणाऱ्या आर्ट स्मिथचे नाव दोनच वर्षांनी कझानने कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या सरकारी चौकशी समितीपुढे घेतले. रे स्वतः पक्षाचा माजी सदस्य असूनही त्याच्या कामावर गदा आली नाही, आणि आरकेओचा मालक हॉवर्ड ह्यूज याने त्याला संरक्षण दिले असे मानले जाते. बंडखोर म्हणून ओळखला जाणारा माणूस एका अतिउजव्या धनाढ्याच्या छत्राखाली सुरक्षित राहतो आणि त्याच काळात शेजारी, पोलीस, मित्र अशा सर्वांच्या संशयाखाली भरडल्या जाणाऱ्या माणसावर चित्रपट करतो, यावर एक स्वतंत्र मुलाखत घेता आली असती. दुसरा आक्षेप असा की माहितीपट इथे थोडा आखूड करून दिला आहे. ब्लू-रेच्या तबकडीवर जागेची एवढी चणचण नसते, आणि जुना माहितीपट हाही एक दस्तऐवजच असतो, त्याला कात्री लावू नये. पुनरुज्जीवनावर इतकी मेहनत घेणाऱ्या प्रकाशकाकडून तर हे अजिबात अपेक्षित नव्हते.

भारतात राहणाऱ्या खरेदीदारासाठी एक व्यावहारिक सूचना. ब्लू-रेच्या जागतिक विभागणीत अमेरिका ‘ए’ विभागात येते आणि भारत ‘सी’ विभागात, आणि अमेरिकेत निघालेली ही डिस्क ‘ए’ विभागापुरती बंदिस्त आहे. आपल्या दुकानांत घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. माझ्या पुण्यातल्या प्लेअरने ती आत घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि सूचना दाखवून बाहेर टाकली. शेवटी सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर एका फिल्म सोसायटीतल्या मित्राकडून उसना आणावा लागला. अमेरिकेत नातेवाईक असतील त्यांनी येताना त्यांच्या सामानातून मागवावी, मी भाचीकडून तशीच मागवली. टपालाने मागवली तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करावा. पूर्वीची डीव्हीडी ज्यांच्याजवळ आहे आणि ज्यांना फक्त गोष्ट पुन्हा पाहायची आहे त्यांनी एवढा खटाटोप करू नये.

मी स्वतः ही डिस्क पुन्हा लावली तेव्हा क्रम उलटा केला, आधी माहितीपट आणि मग चित्रपट. पट्टीआडच्या डोळ्याने विद्यार्थ्यांवर ओरडणारा म्हातारा पाहून झाल्यावर शेवटच्या दृश्यात डिक्स चौक ओलांडतो, कारंज्याजवळून जातो आणि कमानीतून बाहेर पडतो. लॉरेल वर दाराशी उभी असते. व्हिला प्रिमाव्हेराच्या अशाच चौकातून रे स्वतः रोज येत-जात असेल. या वेळी बोगार्टची पाठ दिसेनाशी झाल्यावरही मी कमानीकडेच पाहत राहिलो, आणि लॉरेलच्या चेहऱ्यासाठी ते दृश्य मला मागे नेऊन पुन्हा पाहावे लागले.